अंगण वाकडं

आर्मेनियन भाषेत क्रिया म्हणजे कासव.
आपल्याकडे क्रिया म्हणजे करणं,
तिकडे ती चार पायांवर सावकाश चालते.

ग्युम्रीतल्या शाळेतली क्रिया
दोन चाकांची, पोट उघडं, वायरी बाहेर.
तिचा आराखडा कुणी विकत घेतला नव्हता.
तो होताच, लग्नघरातल्या पाण्याच्या पिंपासारखा:
ज्यानं त्यानं आपलं भांडं बुडवावं,
जमल्यास जाताना एक घागर ओतून जावी.

चाकं ह्राच्या सरांच्या प्रिंटरनं रात्रभर छापली,
सकाळी वर्गाला करपलेल्या साखरेचा वास.
मोटारी मोडीत निघालेल्या झेरॉक्स मशीनच्या.
बॅटरी न्वार्दच्या मामाच्या ड्रिलची,
रविवारी परत करायच्या बोलीवर.

आणि क्रिया चालली.
दारापासून फळ्यापर्यंत,
सुतारानं दोरी मारावी तशी सरळ.
सरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.
यापलीकडे ते कौतुक करत नाहीत.

मग येरेवान. स्पर्धेचा हॉल, नवी फरशी,
वाकून भांग पाडावा अशी.
क्रिया निघाली आणि हळूहळू
उजवीकडे, आणखी उजवीकडे,
परीक्षकबाईंच्या पर्समध्ये तोंड घालून थांबली.

परतीच्या मिनीबसमध्ये वाहाग्न म्हणाला,
'त्यांची फरशीच वाकडी होती.'

आपल्याकडे अशा पोराला
एक म्हण ऐकवून गप्प करतात.
तुम्हाला ती पाठ आहे.
तिकडे कुणी ती ऐकवली नाही, म्हणून
न्वार्दनं ते वाक्य खरं धरलं
आणि फक्त उलटं केलं.

सोमवारी तिनं एक गोटी आणली.
वर्गाच्या मधोमध ठेवली, हात काढला.
गोटी जरा विचारात पडली,
मग निघाली, डावीकडे, बाकांखालून,
कुणाच्या बुटाला हलकेच लागून,
खिडकीखालच्या भेगेत जाऊन बसली.

सर त्या भेगेकडे बघत राहिले.
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात ते सातवीत होते.
भिंती नंतर पुन्हा उभ्या राहिल्या,
रंग तीनदा लागला.
जमिनीला कुणी काही विचारलं नाही.

कोडच्या दोनशे बाराव्या ओळीत सापडलं:
'डावं चाक, तीन जास्त. का ते विचारू नका. तेल्मू.'

न्वार्दनं विचारलं.

दोन दिवसांनी कुइंब्राहून उत्तर आलं.
'माझी खोली टेकडीवरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर.
चहाचा पेला नेहमी एका बाजूनं जास्त भरलेला दिसायचा.
मला वाटायचं, मोटारच आळशी आहे.'

म्हणजे सहा वर्षं
पोर्तुगालातल्या एका खोलीचा कल
कुठकुठल्या शाळांमधून फिरत होता,
आणि कुठकुठले मास्तर
मनातल्या मनात तीन वजा करत होते,
आपलीच चूक समजून, कुणाला न सांगता.

न्वार्दनं ओळ पुसली नाही.
तिच्या जागी लिहिलं:
'आधी गोटी ठेवून बघा.
तुमची जमीन कुठे कलते, किती, ते इथं भरा.
ग्युम्री: तीन. सपाट असेल तर शून्य.'
आणि ते पिंपात ओतून ती जेवायला गेली.

आकडे येऊ लागले.
कुठून उणे दोन, कुठून एक,
एका बोटीवरच्या शाळेनं लिहिलं, 'सांगता येत नाही.'
डेन्मार्कमधून ठणठणीत शून्य आला.
दुसऱ्या दिवशी त्याच माणसाची दुरुस्ती: 'अर्धा.'

आज रविवार.
बॅटरी मामाकडे गेली, क्रिया फळ्याशी गप्प.
सर एकटेच वर्गात येऊन
टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढून बघतायत.
किती वर्षांची, त्यांनाही आठवत नाही.
उलगडली, पुन्हा घातली तशीच दुमडली,
आणि जिथली तिथे सरकवली.